जिभेखालचा पडदा

अण्णा, तुमचा नातू बोबडा निघाला. तुमच्याच वळणावर गेलाय. जिभेखालचा पडदा आखूड, टोक वर वळतच नाही, त्यामुळं ळ म्हणायला गेला की य येतो. शाळेला शाया म्हणायचा. घरात आम्ही कौतुक केलं, पण पहिलीत गेल्यावर पोरांनी त्याला 'ए शाया' अशीच हाक मारायला सुरुवात केली आणि दिवाळीनंतर त्यानं वर्गात तोंडच उघडलं नाही. टीचरनं काही विचारलं की नुसती मान हलवायचा. ते टीचरकडनं ऐकलं आणि मला तुम्ही दिसलात. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून चाकणपासून घरापर्यंत एक अक्षर न बोलणारे. लोक तुम्हाला शांत माणूस म्हणायचे. कसले शांत? घरात तर तुम्ही आईला बोलू द्यायचा नाहीत.

तुम्हालाही तो पडदा कापून घ्यायला सांगितलं होतंच की. मी शाळेत होते, तुमच्याबरोबर संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात आले होते. तुम्ही आत गेलात, ट्रेमधली कात्री आणि टाक्यांचा दोरा बघितलात आणि चपला घालून थेट बाहेर. 'चल बाय, भूक लागली.' आपण वडापाव खाल्ला आणि घरी सांगितलं, डॉक्टर नव्हते. रक्ताला एवढे भ्यायचात, आणि काम मात्र पत्रा कापायच्या लेझर मशीनवर. खंडेनवमीच्या पूजेला कंपनीत घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा पूजेनंतर चालू करून दाखवलेलं ते मशीन बघायला मी काचेपाशी वाकले, तर तुम्ही दंडाला धरून मागं खेचलंत. 'बघू नको तिकडं, डोयं जातील.' दंडावर बोटं उमटली होती.

म्हणून पोराला दाखवायला नेल्यावर दातांच्या डॉक्टर मॅडम पडदा लेझरनं कापू म्हणाल्या तेव्हा मी त्यांना थांबवलंच. अहो, माझे वडील त्यानं पत्रा कापायचे, मी म्हटलं. त्या हसल्या. 'विस्तव चुलीत असतो तसा निरांजनातही असतो,' म्हणाल्या. हा लेझर अगदी कमी ताकदीचा; कापता कापताच रक्त थांबवतो, बहुतेक वेळा टाके लागत नाहीत, सूजही कमी येते. पण भुलीचं इंजेक्शन द्यावं लागणार होतं, आणि नंतर जिभेचे व्यायाम केले नाहीत तर पडदा परत चिकटतो हेही त्यांनी बजावलं. शिवाय ळ काही लेझरनं येत नाही, तो शिकवावा लागतो. इकडं सासूबाईंचा धोशा, जीभ कापली की पोर मुकं होतं. नवरा म्हणाला, तू ठरव. म्हणजे उद्या काही झालं तर खापर माझ्यावर. आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी मीच हो म्हटलं.

खुर्चीवर बसवल्यावर मॅडमनी त्याला आधी काही शब्द म्हणायला सांगितले. फळा. 'फया.' कमळ. 'कमय.' मग बाळ.

'बाय.'

अण्णा, जन्मभर तुम्ही मला बाय म्हणून हाक मारलीत. गल्लीतल्या बायकाही पोरींना बाय म्हणायच्या, मला वाटलं तसंच. लग्नात निघताना तेच म्हणालात. शेवटी आयसीयूत, तोंडातली नळी काढल्यावरही तेच. आणि मी वेडी, तुम्ही मला बाळ म्हणत होतात हे मला त्या खुर्चीपाशी कळलं.

तेवढ्यात मॅडमनी गॉगल पुढं केले, त्याला एक, मला एक. खरं सांगते, वाटलं, उठवावं याला आणि तुमच्यासारखं वडापाव खायला निघावं. आता बाय म्हणणारं हे एकच तोंड उरलं होतं आणि मीच ते बंद करायला निघाले होते. पण पोरगं माझ्याकडं बघत होतं, घाबरून, गप्प, अगदी तुमच्या तोंडावळ्याचं. मी गॉगल चढवला आणि त्याची पावलं घट्ट धरली. इंजेक्शनला रडला, नंतर नाही. थोडा जळका वास आला तेव्हा मी पावलं आणखी आवळली. मग मॅडमनी कापसाचा बोळा दाखवला, त्यावर रक्ताचा नुसता डाग होता. एवढं तर तुम्हीही सोसलं असतं हो.

मग रोज आरशासमोर बसायचं. वरच्या ओठाला गूळ लावायचा आणि जिभेच्या टोकानं चाटायला लावायचा, ल वरून हळूहळू ळ कडं न्यायचं. कंटाळला, चिडला, एकदा आरसाच पालथा केला. पण काल वर्गात टीचरनं फळ्यावरचं वाचायला सांगितलं आणि त्यानं उभं राहून वाचलं. घरी दारातूनच 'शाळा, फळा, बाळ' ओरडत आला. सासूबाईंनी दृष्ट काढली, मुकं होतं म्हणणाऱ्या त्याच. मी शाब्बास म्हटलं आणि कणीक मळायला घेतली, खूप वेळ मळत राहिले.

हे पाठवायचं कुठं, तर कुठंच नाही. पण एक राहिलं. त्या दिवशी खुर्चीवर मी त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला, आणि मग आणखी एकदा. मॅडमना वाटलं, आई खात्री करून घेतेय. शेवटच्या वेळी तो 'बाय' म्हणाला तेव्हा मी हळूच ओ दिली.