वेव्हगाईडचा न हरवलेला आतला भाग

प्रति,
मा. सहायक संचालक (भांडार व आस्थापना),
तंत्रनिकेतन प्रशासन, विभागीय कार्यालय.

अर्जदार : समता दयाराम इंगळे, अधिव्याख्याता (दूरसंचार), ग्रामीण तंत्रनिकेतन, दाभेगाव, ता. लोणार, जि. बुलढाणा.

विषय : पितळी नळीच्या आत मुळातच काही नसते हे मान्य होऊन अर्जदारास मलकापूर येथे रुजू होण्यासाठी कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : १) आपला बदली आदेश. २) जडवस्तू पडताळणी समितीचा अहवाल. ३) अर्जदाराचे याच विषयावरील आधीचे अर्ज, ज्यांना आवक क्रमांक मिळाले, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची आई तानाबाई हिचे उजवे अंग अर्धांगवायूने गेले असून ती मलकापूर येथे एकटी राहते. शेजारच्या शालूबाई तिला उठवतात, बसवतात, भरवतात. हे पाहूनच आपण कृपावंत होऊन अर्जदाराची मलकापूरला बदली केली. आदेश आला त्या दिवशी अर्जदाराने सगळ्या विभागात पेढे वाटले. ती घाई झाली, हे आता मान्य आहे. कारण प्रयोगशाळेचा कार्यभार "संपूर्ण व सुस्थितीत" सोपवल्याशिवाय कार्यमुक्ती नाही, आणि बदली आदेशाची मुदत या महिनाअखेर संपते.

२. कार्यभार सोपवण्यापूर्वी पडताळणी समिती आली. समितीचे अध्यक्ष मा. उकंडराव साहेब यांची उभी हयात शेतीपंपांच्या भांडारात गेलेली आहे. आमच्या भागात विहिरीवरची मोटार चोरीला गेली, की आतली तांब्याची तार काढून घेतलेले रिकामे खोके दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सापडते. साहेबांनी अशी खोकी पुष्कळ पाहिलेली. त्यांनी मायक्रोवेव्ह बेंचवरील, म्हणजे प्रयोगाच्या जोडणीतील, वेव्हगाईड, म्हणजे चौकोनी पितळी नळी, उचलून डोळ्याला लावली आणि म्हणाले, "आरपार दिसून राह्यलं हो! माल गेला यातला." अहवालात नोंद झाली : बाह्य कवच उपलब्ध, आतील भाग गहाळ. जबाबदारी : अर्जदार.

३. याबाबत नम्र खुलासा असा की, मायक्रोवेव्ह ही रेडिओलहरींचीच फार वेगाने थरथरणारी जात आहे. ती साध्या तारेने न्यायला गेले तर वाटेतच बाहेर सांडते. म्हणून तिला चारी बाजूंनी धातूच्या भिंती घालून मधल्या मोकळ्या जागेतून नेतात, पाटातून पाणी न्यावे तसे. पाट रिकामा आहे म्हणून कोणी त्यात माती भरत नाही. नळी पोकळ असणे हे तिचे काम आहे, तिच्यात झालेली चोरी नव्हे. अर्जदाराने हे समितीसमोर फळ्यावर आकृती काढून सांगितले. समितीने आकृतीचा फोटो काढून घेतला व तो पुरावा म्हणून अहवालास जोडला, कारण आकृतीतही नळीच्या आत काहीच दाखवलेले नव्हते.

४. इतर वस्तूंवरील शेरेही आपल्या अवलोकनार्थ सादर आहेत. अॅटेन्युएटर : "जोडल्यावर शक्ती वाढण्याऐवजी घटते, सबब सदोष." (शक्ती घटवण्यासाठीच तो विकत घेतला जातो.) आयसोलेटर : "एका बाजूनेच चालतो, दुसरी बाजू नादुरुस्त." (उलट येणारी लहर अडवायची म्हणूनच तो बसवतात.) मॅच्ड लोड : "दिलेले सर्व गिळतो, परत काहीही देत नाही." हा शेरा मात्र तंतोतंत बरोबर आहे. वाटेच्या शेवटी पोहोचलेली लहर मुकाट पोटात घालायची, प्रतिसाद म्हणून काही परत पाठवायचे नाही, हेच त्याचे काम. आपल्या कार्यालयास पाठवलेल्या अर्जांबाबत अर्जदाराचा अनुभव याहून निराळा नाही, परंतु ते येथे तक्रार म्हणून लिहिलेले नाही.

५. त्यानंतर अर्जदार आईला दवाखान्यात दाखवण्यासाठी रजेवर असताना, अहवालातील त्रुटी तातडीने भरून काढण्याचा आदेश संस्थेत निघाला. लोणारहून मोटार वायंडिंग करणारे देवानंद यांना बोलावण्यात आले. त्यांनी सर्व नळ्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी ठासून बसवली, वर वार्निश ओतले आणि पाचरी मारल्या. काम नेटके आहे, त्यांना दोष नाही. समितीने पुन्हा भेट देऊन "आतील भाग प्राप्त" असा शेरा दिला.

६. परिणामी बेंच बंद पडला आहे. लहर तारेला धडकते आणि आल्या वाटेने परत फिरते, मीटरचा काटा जागचा हलत नाही. विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक झाले नाही, म्हणून अर्जदारास नवीन ज्ञापन मिळाले : आतील भाग बसवूनही यंत्र बंद का, याचा खुलासा करावा. देवानंद यांना विचारले असता ते म्हणाले, "ताई, म्या तं पुरी तार भरून देल्ली. आता थे काऊन चालून नाही राह्यलं, तुम्हीच पाहा." प्रयोगशाळा परिचर शेषराव यांना तार काढण्याची विनंती केली. ते दोन पावले मागे सरले. म्हणाले, "मॅडम, तार आता रजिस्टरले चढली. म्या हात लावला तं मलेच धरतीन." त्यांचेही चूक नाही.

७. म्हणजे तार आत ठेवली तर साहित्य संपूर्ण आहे, पण सुस्थितीत नाही. तार काढली तर सुस्थितीत आहे, पण संपूर्ण नाही, शिवाय या वेळी चोरी खरोखर अर्जदाराने केलेली असेल. अर्जदार हा विषय इतकी वर्षे शिकवत आली. या पेचातून वाट कशी काढावी हे तिला कळत नाही. तिला रडू येते. शासकीय पत्रव्यवहारात हे लिहिण्याची पद्धत नसल्यास हे वाक्य वगळून वाचावे.

८. प्रकरण शालूबाईंमार्फत आईच्या कानावर गेले आहे. आईने सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केले आणि घरी येताना पदराला लागलेले कापसाचे बोंडसुद्धा धुऱ्यावर झटकून आली. आजारानंतर तिचे बोलणे जड झाले आहे, तरी परवा फोनवर एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "माय, त्या पाइपातलं जे घेतलं असंन थे देऊन टाक ना त्याइले. म्या कोणाले नाही सांगत. अन् घरी ये." अर्जदाराने पोकळ नळीचे सगळे शास्त्र तिला सोप्या शब्दांत सांगितले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं. पण देऊन टाक."

सबब विनंती अशी की, कार्यमुक्ती शक्य असल्यास मुदतीपूर्वी द्यावी. ते नियमात बसत नसल्यास अर्जदाराचा आग्रह नाही. बदली रद्द झाली तरी चालेल, या अर्जाचे उत्तरही देऊ नये. मात्र आपल्या सहीशिक्क्यानिशी एकच ओळ अर्जदाराच्या आईला कळवावी : नळीत काही नव्हते, तुमच्या मुलीने काही घेतलेले नाही. शिक्का ठळक उमटवावा. तिला वाचता येत नाही, पण शिक्क्यावर तिचा विश्वास आहे. मुलीवरचा सध्या उडालेला आहे.

कळावे, तसदीबद्दल क्षमा असावी.

आपली आज्ञाधारक व निरुपाय,
(सही)
समता दयाराम इंगळे
दाभेगाव, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) बदली आदेशाची छायांकित प्रत.
२) समितीचा अहवाल, फळ्याच्या फोटोसह.
३) श्रीमती तानाबाई इंगळे, मलकापूर, असा पत्ता घातलेले व तिकीट लावलेले रिकामे पाकीट.