पापण्यांच्या प्रयोगाला पालक हवा

प्रिय धाकट्या,

प्रोजेक्टचे मेल तू उघडत नाहीस आणि फोनवर विषय काढला की नेमकी तेव्हाच तुझी भाजी करपते, म्हणून कागदावर लिहितेय. रागावलेली नाही. आई म्हणते, तू बारीक झालायस. आईला तू जन्मापासून बारीकच दिसतोस, तेव्हा फार मनावर घेऊ नकोस, पण वेळेवर जेवत जा.

मी सध्या घर आवरावं तसा आपल्या मंडळींचा कोड आवरतेय. बोलता न येणाऱ्यांना लिहून बोलता यावं म्हणून आपण सगळे हौसेनं, फुकटात जो प्रोग्राम बनवतो, त्याचे प्रयोग कुठे कुठे पडले होते म्हणून सांगू! कुणाच्या खासगी खात्यात, कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर. एकाचं लग्न झालं आणि तो पासवर्डसकट गायब. तुझ्या फोल्डरांची नावं तर 'नवीन', 'नवीन खरं', 'हेच घ्या'. हसून हसून पुरेवाट झाली. आता सगळ्या प्रयोगांसाठी एकच सामायिक रिपॉझिटरी केलीय, कोडचं कोठारच म्हण, मुख्य कोडपासून वेगळी. तिचं नाव परसदार. तिथे कुणीही अर्धकच्चं आणून ठेवावं, मोडावं, पुन्हा जोडावं. प्रत्येक प्रयोगाला एक फोल्डर आणि त्याची निगा राखणारा एक पालक. विचारल्यावर पालकानं उत्तर दिलं नाही, तर प्रयोग माळ्यावर जातो. माळ्यावरचं बघता येतं, पण त्याची डागडुजी थांबते, आणि मुख्य प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की ते बंद पडतं.

हे परसदार तेव्हा असतं तर तुझ्यावर ती वेळ आली नसती, असं सारखं वाटतं. पापणी मिटून अक्षर निवडायचा तुझा प्रयोग चुकून मुख्य कोडमध्ये मिसळला, आणि जो डोळे मिचकावेल त्याचं टायपिंग सुरू झालं. एका बाईंनी जांभई दिली तर साहेबांना मेल गेला. लोक हसले ते ठीक. पण सगळ्यांसमोर आपल्याच काही मंडळींनी तुला ज्या भाषेत धुतलं, ते अजिबात ठीक नव्हतं, आणि मी त्यांना तसं सुनावलंही. तू मात्र कोडकडे पाठ फिरवलीस ती कायमचीच. मला तुझी फार आठवण येते रे. शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचास, चहा गार करायचास आणि मधेच माझ्याच कोडमधली चूक दाखवायचास.

तर आता तुझ्या प्रयोगाची पाळी आलीय. पालक म्हणून तुझं नाव, तुझं उत्तर नाही, आणि नियम मीच केलेला. भावाला सूट दिली तर उद्या माझं कोण ऐकेल? महिनाअखेरीला तो माळ्यावर जाईल.

त्याचा पालक व्हायला एक गृहस्थ तयार आहेत. पूर्वी बँकेसाठी प्रोग्राम लिहायचे. मग पक्षाघाताचा झटका आला, आणि आता त्यांची फक्त डावी पापणी हलते. ते तुझ्या त्या प्रयोगानंच बोलतात. पहिलं वाक्य बायकोला लिहिलं, की ती मालिका बंद कर, डोकं उठलंय. ती बिचारी दुपारभर रडली, कारण इतके दिवस तिच्याशी भांडायलाच कुणी नव्हतं. डोळ्यात पाणी आलं की अक्षरं चुकायची, ती अडचण त्यांनी स्वतःच सोडवली, पापणीनं एकेक अक्षर निवडत. प्रयोग माळ्यावर गेला तर काही दिवसांनी त्यांचं बोलणं पुन्हा बंद होईल. तरी पालक म्हणून त्यांचं नाव घालते म्हटलं, तर ऐकत नाहीत. ज्यानं मला बोलतं केलं त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव खोडणार नाही, म्हणतात. दोघांची नावं चालतील का, असंही विचारलंय. परत ये, असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतेच आहे, पण ते नंतर. आधी नुसतं 'हो' कळव. दिवसभरात त्यांच्या जेमतेम दोन-चार ओळी लिहून होतात, आणि त्यातली एक रोज मला असते: पोराचं उत्तर आलं का?

तुझीच,
ताई