एक्केचाळीस गुणांचा आजार

५ ऑगस्ट १९५७, सोमवार
मोठ्या डॉक्टरांनी आज छापील प्रश्नावली दिली. मनाचा आजार आता अंदाजाने नाही, आकड्याने ओळखायचा. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. गुण जास्त तितका आजार जास्त. दर पंधरवड्याला तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे आणि गुणांप्रमाणे औषध ठरवायचं. घोडपदेवची एक चाळ माझ्याकडे आहे, चौतीस बिऱ्हाडं. सप्टेंबरअखेर गुण उतरले की दवाखान्यात मी कायम, आणि नव्या शिकाऊंना शिकवणारही मीच. संकल्प: प्रत्येक घरी जातीने जाईन.

६ ऑगस्ट
चार मजले. जिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, गॅलरीत शेगड्यांचा धूर. पहिल्याच घरी झोप लागते का विचारलं, तर बाईने सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं. अशाने स्टँडर्ड राहत नाही. तळमजल्यावर कुशाबा भेटले. गिरणीतून रिटायर, एकटेच राहतात; बिऱ्हाडांच्या यादीत त्यांचं नाव नाही. चाळीची पत्रं, अर्ज सगळं हेच लिहितात. म्हणाले, ठिवून जावा सायेब, मी भरून देतो. ठेवले. अक्षर सुंदर आहे. याला ऑर्गनायझेशन म्हणतात.

९ ऑगस्ट
फॉर्म आले. चौतीसच्या चौतीस जणांचे गुण एक्केचाळीस. पहाटे तीनला जाग, घास उतरत नाही, दारात पाऊल वाजलं की छातीत धडधड. सगळ्यांना. शास्त्र म्हणजे असं. माझ्या हाताखालच्या शैलाने शेजारच्या चाळीतून चार दिवसांत चारच फॉर्म आणले, तेही चौघांचे गुण चार तऱ्हेचे. तिचा हात बसायला वेळ लागेल.

१० ऑगस्ट
शैला विचारते, चौतीस माणसं एकसारखी आजारी कशी? समजावलं: चाळ एक, नळ एक, द्विभाषिक राज्याचा संताप एक. या आजाराला घोडपदेव विकार असं नाव द्यावं का, विचार चालू आहे. गुण पाहून डॉक्टरांनी झोप आणणारं ब्रोमाइड लिहून दिलं. चौतीस बाटल्या.

२६ ऑगस्ट
दुसरी फेरी. कुशाबांमार्फतच, कारण माझा गुडघा धरलाय. एक्केचाळीस. डोस वाढवून घेतला.

९ सप्टेंबर
एक्केचाळीस! काय करायचं या लोकांचं? प्रसन्न कसं राहावं यावर चाळीत भाषण ठरवलं होतं. पण कामगार मैदानावर सभा, चाळ ओस. कुशाबा तेवढे घरी. त्यांनाच ऐकवलं, पाऊण तास. मान हलवत होते. चाळीत धड माणूस तेवढा एकच.

२३ सप्टेंबर
त्रेचाळीस. वाढले. आठवड्यात रिपोर्ट द्यायचाय. इतकं औषध पाजल्यावर तरी लोकांनी असं वागू नये.

२४ सप्टेंबर
गंगुबाई बाटली परत द्यायला आली. म्हणे, या औषधानं चुलीपुढंच डुलकी लागते, भाकरी करपतात. शैलाने विचारलं, रात्री झोप लागते का? तर म्हणे, पहिल्यापासनंच, गिरणीचा भोंगा कानाशी वाजला तरी जाग येत न्हाई. मग फॉर्मात पहाटे तीन कसे? तिने नुसता अंगठा दिला होता. म्हणाली, काय लिवलं ते कुशाबाला ठावं.
खोडसाळपणा! म्हाताऱ्याची तक्रारच करणार होतो. शैला फॉर्म चाळत बसली. मग हळूच म्हणाली, हा आजार चौतीस जणांचा नाही, एकाचा आहे. कुशाबांचा मुलगा रघु गेल्या वर्षी जानेवारीत मोर्चाला गेला होता, पोलिसांच्या गोळीने तिथेच गेला. हे तिला चाळीतल्या शेवंतीने नळावर सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नव्हतं. फार लाज वाटली.

२५ सप्टेंबर, सकाळ
स्वतः गेलो. ठरवलं होतं, आज मी विचारणार, छापील शब्दांत. कुशाबांनी सवयीने फॉर्म ओढून घेतला आणि विचारलं, कुणाच्या नावानं लिवू? म्हटलं, तुमच्याच. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग वीस प्रश्नांपुढे वीस शून्यं घातली, एका रेषेत. म्हणाले, मला काय धाड भरलीया सायेब.
म्हणजे प्रश्नावलीप्रमाणे चाळीतला सगळ्यात ठणठणीत माणूस. त्यांनी चहा केला. मी शून्यांची दोनदा बेरीज करून पाहिली.
उद्या परत जायला हवं, फॉर्म न घेता. फॉर्म हातात नसला की माणसाशी काय बोलायचं असतं, ते शैलाला विचारलं पाहिजे.