उंबऱ्याबाहेरचं कमळ

प्रिय जान्हवी,

आजीला भित्री करून स्वतः पुण्याला पळालीस, शाब्बास! थिएटरात तू डोळे मिटलेस, तेव्हा मीच तुला हसले होते. आता मी भर दुपारी न्हाणीघराचं दार अर्धं उघडं ठेवते. सिनेमातली ती बाई आठवते ना? घरातल्या वस्तू जागच्या हलतात, ती नणंदेवर संशय घेते, आणि शेवटी कळतं की हलवणारी तीच. शेवट आधीच ओळखला म्हणून तू टॅक्सीभर मिरवलीस. मला नव्हता गं ओळखता आला.

परवा सकाळी रांगोळीचा डबा घेऊन दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर कमळ काढलेलं. ताजं. आपल्या बेहालाच्या इमारतीत सगळ्या बंगाली शेजारणी ओल्या पिठाची आलपना काढतात. कोरडी रांगोळी फक्त आपल्या घरी. तुझी आई छापे वापरते, चाळणी आपटली की झाली रांगोळी! तरी वाटलं, हे तिचंच, स्मिताचंच काम. म्हातारीला वेडं ठरवायचंय हिला. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिने केलेला चहा बेसिनमध्ये ओतला. आमटीत मीठ कमी म्हणाले, ते मात्र खरंच कमी होतं.

संध्याकाळी दिवा लावताना कमळाकडे नीट पाहिलं. डावीकडची पाकळी वाकडी. लहानपणी विळीवर अंगठा कापला, तेव्हापासून माझी ती पाकळी अशीच पडते. मला अक्षर येत नाही, पण माझा हात मी ओळखते. निऱ्यांवर पांढरी भुकटीही होती. कधी काढलं ते आठवायला गेले, तर आत काहीच नाही. पुसलेली फरशी. तेव्हापासून गॅस बंद केला की पुन्हा बघते, आणि पुन्हा बघितलं की नाही, याची भीती वाटते.

तू लांब बसून काय करणार, तरी तुलाच का सांगते? कारण माझी पत्रं तुझी आई लिहिते. तिला तोंडावर सांगायचा धीर होईना, आणि लिहिताना ती मध्ये बोलत नाही. चहाच्या ओळीला तिचं पेन अडलं होतं, आता तर थांबलंच आहे. लिही गं स्मिता. मला डॉक्टरकडे ने. आणि पुढे कधी तुझ्याकडे परक्यासारखं पाहिलं, तर भांडू नकोस. हात धरून मला ती वाकडी पाकळी दाखव.

तुझीच,
आज तरी तुला ओळखणारी आजी