बशीखालची नाणी

प्रिय बुर्गी,

रविवारी फोनवर बाबांचं नाव निघालं की तू लगेच हवा कशी आहे ते विचारतेस, म्हणून या वेळी कागदावर लिहायला बसले. तर आधी हवाच सांगते. बर्फ मागच्या दाराच्या कडीपर्यंत आलं आहे, ओढा वरून गोठला आहे, आणि माझा गुडघा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हवामान सांगतो. हवा संपली. आता बाबांबद्दल लिहिणार आहे. तुझी आणि त्यांची बोलाचाली कशी आणि का बंद झाली, हे तुला सांगायची गरज नाही असं तुला वाटेल, पण तुला त्यातली अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. त्यांनाही अर्धीच ठाऊक होती. दोन्ही अर्ध्या माझ्यापाशी येऊन पडल्या.

आपली खाणावळ चालवायला घेतलेला साल्झबुर्गचा पोरगा वाईट नाही. कोबी जास्त शिजवतो, पण हिशेबाला चोख आहे. परवा त्याने कार्डाचं नवं यंत्र आणलं. बिल भरताना ते यंत्र गिऱ्हाइकालाच विचारतं, टीप किती देणार, दहा टक्के, पंधरा की वीस. व्हीटस चष्मा लावून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला आणि त्या यंत्रालाच म्हणाला, तू कोण रे मला विचारणारं. मग खिशातून नोट काढून नेहमीसारखं मोठ्याने म्हणाला, "सतरा करा," आणि हुश्श करून बसला. इतकी वर्षं गावच्या बँडमध्ये ते अवाढव्य पितळी भोंगाडं वाजवूनही त्याला इतका दम लागला नसेल. आपल्याकडे हे असंच होतं ना. सोळा आणि काही सेंट झाले तर सतरा करा म्हणायचं, वाढणाऱ्या पोरीला एक घोट बिअर सुटली, संपलं. आणि वाढणारा जर स्वतः मालक असेल, तर तेही नाही. मालकाशी हात मिळवायचा. मालकाच्या हातावर चिल्लर ठेवणं म्हणजे त्याला त्याच्याच घरात गडी करून टाकणं, हे बाबांनी तुला, तू बोलायला लागायच्या आधी शिकवलं होतं.

म्हणून तर क्लेटन अमेरिकेहून पहिल्यांदा आला तेव्हा तो प्रकार झाला. तुझा होणारा नवरा म्हणून बाबांनी चार दिवस त्याला स्वतः वाढलं, कुणाला टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. चीजच्या नूडल्सवर कांदा तळून घालायचा तो कढईतून थेट, गरमागरम. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, तरी वाढता वाढता "खा, पोरा, खा, तुझ्या अंगावर काय आहे" असं चालू होतं, आणि तो बिचारा मान डोलवत खात होता. तुम्ही बसस्टॉपकडे निघालात आणि मी टेबल आवरायला गेले, तर बशीखाली नोटांची घडी. बाबांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं आता पडतात. एप्रनसकट धावले उतारावरून. तुझ्या नवऱ्याच्या कोटाच्या खिशात त्या नोटा कोंबल्या आणि परत येऊन मला म्हणाले, "जावई मला तबेल्यातला पोऱ्या समजतो का गं?" तू नंतर मला समजावलंस, की त्याच्या आईने रस्त्यावरच्या खाणावळीत वाढून तीन मुलं वाढवली ती अशाच बशीखालच्या पैशांवर, आणि ज्याला तो मनापासून मानतो त्याच्या बशीखाली तो जास्त ठेवतो. मी ते बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मग आपल्याला मानायचं कमी कर म्हणावं. पण म्हणताना हसले होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

मग बाबांसकट आपल्या गावचा बँड तुमच्याकडे मिलवॉकीला आला. गावाने वर्षभर सूप विकून, नाच ठेवून तिकिटांचे पैसे जमवले होते. तिथली जत्रा, मिरवणूक, सगळं ठीक, पण बाबांचं लक्ष एकाच गोष्टीत होतं: बुर्गी वाढते तिथे सगळ्या बँडला जेवायला न्यायचं. मी खाणावळ सांभाळायला मागे राहिले. त्यामुळे त्या दुपारी काय झालं ते मी पाहिलं नाही, पण इतक्यांदा ऐकलं की मला आता ते टेबलसुद्धा दिसतं. चामड्याच्या चड्ड्या, टोप्यांत पिसं, आणि सगळे ओरडून एकाच वेळी ऑर्डर देतायत. तू दुसऱ्या मुलींकडून ते टेबल मागून घेतलं होतंस, माझे वडील आलेत, मीच वाढणार म्हणून. जेवण झालं, बाबांनी सगळ्यांचं बिल भरलं. व्हीटसने बिअरच्या मगाखाली एक नोट सरकवली, त्याचं बघून बाकीच्यांनीही थोडं थोडं ठेवलं. आणि बाबा उठून उभे राहिले. "उचला रे ते," म्हणाले, "माझी मुलगी काय कुणाची मोलकरीण आहे? गावात मला कधी ठेवलेत का पैसे? मग तिला कसे ठेवता?" सगळ्यांनी खाली मान घालून आपापले पैसे उचलले. मग बाबांनी टोपी काढली आणि सगळ्या बँडसमोर तुझा हात हातात घेतला.

घरी आल्यावर आठवडाभर ते हेच सांगत होते. लाकूड पोचवायला आलेल्या माणसाला, पाद्रीबाबांना, दूध न्यायला येणाऱ्या बाईला. मी तिला हात दिला, म्हणायचे, एका मालकाने दुसऱ्याला द्यावा तसा. असा खूश झालेला माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, त्याचीच मला भीती वाटली. तू सांगितलंस की तिथे मालक देतो तो पगार नावाला, घर चालतं ते ठेवलेल्या पैशांवर; की बारवाल्याला आणि टेबल पुसणाऱ्याला बिलाच्या हिशेबाने त्यांचा वाटा तुला त्या दिवशी पदरचा द्यावा लागला; आणि स्वयंपाकघराच्या दारातून सगळ्या मुली बघत होत्या. पैशांचं जाऊ दे आई, म्हणालीस, पण टेबलावर ठेवलेले त्यांनी उचलायला लावले. मी फोन न ठेवताच तस्सं सगळं बाबांना सांगितलं. त्यांना ते पटेचना. कुठला मालक पगार देत नाही, म्हणाले, आणि अशा भिकाऱ्याकडे माझी मुलगी राबते कशाला? माझ्या हातातून फोन घेऊन तुला तेच ओरडून सांगितलं, घरी ये म्हणून. तुला ऐकू आला तो राग. घरी ये हे त्यात होतं, पण ते रागाच्या खाली गाडलं गेलं.

पुढचं तुला ठाऊक नाही. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ओहायोची एक बाई आपल्याकडे येऊन राहिली, नवरा वारलेला, जाडजूड, हसरी. रोज सकाळी कॉफीच्या कपाशेजारी नाणी ठेवायची. बाबांनी पहिल्या दिवशी परत दिली, दुसऱ्या दिवशी परत दिली, मग नाद सोडला. ती निघायच्या आदल्या दिवशी ते शाळामास्तरांच्या लेकीला, तिला इंग्रजी येतं म्हणून, बोलावून आणून त्या बाईसमोर बसले. म्हणाले, हिला विचार, तू काय काम करायचीस. ती म्हणाली, जन्मभर खाणावळीत वाढायचं काम केलं. मग विचारलं, एखाद्या टेबलाने काहीच ठेवलं नाही तर तुम्ही काय करता. ती म्हणाली, मागच्या थंड खोलीत जायचं, थोडं रडायचं, तोंड धुवायचं आणि पुढचं टेबल घ्यायचं. मग बाबा म्हणाले, आणि ठेवलेले कोणी उचलून नेले तर? मास्तरांच्या लेकीला दोनदा सांगावं लागलं, कारण त्या बाईला प्रश्नच कळेना. शेवटी ती म्हणाली, असं कोणी करत नाही हो, असं तर कुणी वैऱ्याशीही करणार नाही. बाबांनी तिचे आभार मानले आणि मागे लाकडं फोडायला गेले. त्या दिवशी त्यांनी पुढच्या हिवाळ्याचीही लाकडं फोडली.

त्यानंतर ते फोनजवळ जाऊन बसायचे. मला म्हणायचे, तू फिरव नंबर. मी फिरवला की म्हणायचे, ठेव, ती आत्ता कामावर असेल. एकदा मी दळणाला गेले असताना त्यांनी स्वतः लावला आणि क्लेटनने उचलला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बाबांनी सांगितलं की ते नुसतं "क्लेटन" म्हणाले, तोही त्यांचं नाव घेऊन "कॉर्बिनियान" म्हणाला, मग दोघं गप्प बसले, आणि मग बाबांनी ठेवला. चांगला मुलगा आहे, म्हणाले, त्याने आधी ठेवला नाही. क्लेटनने तुला हे सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

मग गवत कापायच्या दिवसांत त्यांना झटका आला, ते मी तुला कळवलं होतं. उजवा हात गेला, आणि शब्द गेले, म्हणजे येतात पण भलत्याच वेळी येतात. मला उचलवत नव्हते म्हणून खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तू पैसे पाठवलेस. पावती मिळाली, हिशेब चोख आहे. बुर्गी, रागाने लिहीत नाहीये. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही पैसेच पाठवले असते.

तिथे त्यांनी एक सुरू केलं आहे. जेवण झालं की डाव्या हाताने खिशातून नाणी काढतात आणि बशीच्या कडेखाली सरकवतात. मोठ्याने सांगून नाही, आपल्यासारखं सतरा करा म्हणून नाही. गुपचूप, बशीखाली, तुमच्याकडच्यासारखं. आणि वाढणाऱ्या पोरीला म्हणतात, "बुर्गी, हे तुझे." तिथल्या मुलींना रहिवाशांकडून काही घ्यायची मनाई आहे. त्या प्रेमानेच म्हणतात, नको हो आजोबा, राहू द्या, आणि नाणी परत त्यांच्या खिशात टाकतात. त्यांचा चेहरा असा पडतो की मला तिथे उभं राहवत नाही. मी एकदा पुढे होऊन म्हटलं, द्या माझ्याकडे. तर माझ्याकडे बघून चक्क हसले आणि म्हणाले, "वेडी का तू? तू मालकीण आहेस." तेवढा नियम शाबूत आहे बघ. झेडेन्का म्हणून एक स्लोवाक मुलगी आहे, तिने नियम मोडून एक दिवस उचलली. बाबांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, माफ करा म्हणाले, हे दुसऱ्या कुणाचे आहेत, आणि हात पुढे करून परत मागून घेतले. ती पोर बाहेर जाऊन रडली. त्या दिवसापासून त्यांनी खाणं कमी केलं आहे. चमचा तोंडाजवळ नेला की तोंड बाजूला करतात. डॉक्टर म्हणतात, शरीर अजून चालेल, पण असंच राहिलं तर ते बर्फ वितळलेलं बघणार नाहीत. मला विचारशील तर त्यांना एवढंच समजतंय, की एका पोरीचं देणं लागतं आणि ती घेत नाही, मग तिच्या हातचं खायचं कसं.

म्हणून हे पत्र. मी तुला त्यांना माफ कर असं सांगत नाहीये, ते तुझं तू बघ. एकदा ये. दुपारच्या जेवणाला ये. तुझा निळा एप्रन अजून स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, मी धुऊन इस्त्री केला आहे. आश्रमातल्या बाईंशी मी बोलून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, मुलीला कुठला नियम. तू त्यांना सूप नेऊन दे, त्यांनी खाल्लं नाही तरी थांब. ते बशीखाली नाणी सरकवतील. काही बोलू नकोस, त्यांना समजणार नाही, आणि रडूही नकोस, त्यांना वाटेल कमी ठेवले. फक्त ती उचल, त्यांच्यासमोर, आणि एप्रनच्या खिशात टाक. रोज सकाळी त्यांच्या खिशात नाणी मीच भरते. तू येईपर्यंत भरत राहीन.

वाट बघणारी,
तुझीच
आई