चौदा फुटांचे कपाट

देवबाग, ता. मालवण
सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

प्रिय लिओन,

तुला, वेनेसाला आणि दोन्ही मुलांना माझे आशीर्वाद. बहारीनची थंडी आता सरली असेल. इथे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे, कारण इथे मी एकटीच आहे. विहिरीला पाणी भरपूर आहे. शेजारच्या विमलाच्या प्रियांकाचे लग्न ठरले, मुलगा आचऱ्याचा, एसटीत कंडक्टर आहे. तुझ्यासाठी सुक्या बांगड्यांचे लोणचे घालायला घेतले होते, ते शुक्रवारी अर्ध्यावर राहिले. का राहिले ते पुढे लिहिते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "होय बाय, होय बाय" म्हणतोस आणि फोन वेनेसाच्या हातात देतोस. थोरल्या बहिणीचे पत्र तरी तुला स्वतःला वाचावे लागेल.

आधी कपाटांचे. पणजीच्या दुकानाने पाठवलेले लॅमिनेटचे नमुने मिळून तीन आठवडे झाले. बावीस तुकडे, एका कडीत ओवलेले. तू म्हणालास, "बाय, तू फकत रंग सांग, बाकीचां आमी बघतंव." रंग सांगणे तुला सोपे वाटते, कारण त्या स्वयंपाकघरात तू कधी चहासुद्धा केलेला नाहीस. वेनेसाला पांढरा चकचकीत आवडतो, हे मला माहीत आहे. पांढऱ्याला एकदा हळदीचा हात लागला की तो डाग जन्मभर बघत बसायचे. अक्रोडी रंगाने खोली भर दुपारी अंधारी होईल, तिला खिडकी एकच आहे. आणि ते मॅट का काय म्हणता, त्याच्यावर तेलाची वाफ बसली की घासून हात दुखतात. मी तो तुकडा चार दिवस शेगडीशेजारी टांगून ठेवला होता, म्हणून सांगते.

तीन तुकडे मी समुद्राच्या पाण्यात भिजत घातले. हसू नकोस. कट्टा गावच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवले आहे, स्वतः करून बघितल्याशिवाय मी उत्तर देत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कडा चहात बुडवलेल्या पावासारख्या फुगल्या. वरचा थर सुटला, आत नुसता भुसा. गंगाराम सुताराला दाखवले तर तो म्हणाला, "बाई, ह्या फळयेन पावस नुसतो बघल्यान तरी फुगतली." ज्या घराच्या एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला खाडी, त्या घरात तू भुशाची कपाटे लावायला निघालास. त्यांच्या त्या नाजूक बिजागऱ्यांचे तर मी बोलतच नाही. आपल्या पुढच्या दाराची लोखंडी कडी दोन वर्षांत गळून पडली होती, आठवते ना?

तेव्हा मी ठरवले होते ते असे. आपल्या परड्यातला फणस पडला त्याच्या फळ्या मांगराच्या छपराखाली सहा वर्षे सुकताहेत. चौकटी आणि दारे त्यांची. रंग नको, वरून साधे पॉलिश, म्हणजे फणसाचा पिवळा दिसत राहील. बिजागऱ्या आणि मुठी पितळेच्या. एका कपाटाला जाळीची दारे, कारण सुकी मासळी बंद कपाटात कोंडली तर घरात माणसे राहणार नाहीत. आणि ओटा एकतीस इंच उंच. दुकानवाला म्हणतो चौतीस. तो चौतीस इंच ज्या बायकांसाठी असतो त्या माझ्यापेक्षा उंच असतील.

हे सगळे मी व्यवस्थित लिहून पाकिटात घातले होते. तिकीटही लावले होते.

खरे सांगू? तू विचारलेस याचाच मला आनंद झाला होता. या घरात मला कोणी काही विचारल्याला किती वर्षे झाली ते मी मोजत नाही. ते नमुने मी विमलाला तीनदा दाखवले. मागे एका रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चार बायकांना सांगितले की लिओनने सगळी निवड माझ्यावर सोपवली आहे. काल त्यांनीच मला विचारले, "बर्थाबाई, खंयचो रंग घेतलास गो?" मी काहीतरी बोलून घरी आले. काय बोलले ते मलाच आठवत नाही.

आता शुक्रवारचे लिहिते.

गंगाराम सकाळी आला. आपल्या घराची दारे त्याच्या बापाने केली, हे तुला माहीत आहे. त्याला कागदावरचे चित्र पटत नाही. काम हातात घेण्याआधी तो अख्खे कपाट खऱ्या मापाने जमिनीवर खडूने आखतो. मग घरातल्या बाईने त्या रेषांपाशी उभे राहायचे, हात पोचतो का बघायचे, वाकून बघायचे. तिला पटले तरच तो लाकूड कापतो. नमुन्यांबरोबर आलेल्या तुझ्या नकाशात सगळी मापे मिलिमीटरमध्ये. गंगाराम फूट, इंच आणि सुतात मोजणारा. म्हणून आकडेमोड माझ्याकडे आली. चार हजार दोनशे सत्तर भागिले पंचवीस पूर्णांक चार, त्याला पुन्हा बाराने भाग. चौदा फूट आले. आपली ती भिंत नऊ फुटांची आहे. मी पुन्हा भागाकार केला. पुन्हा चौदा. म्हटले, वय झाले, दशांशचिन्ह सरकत असेल. तिसऱ्यांदा कागदावर ओळीने मांडून केले.

"बाई, भित नव फुटाची आणि कपाट चवदा फुटाचां," गंगाराम म्हणाला. "मगे पाच फूट खंय जातले?"

मी तोवर फक्त पहिला कागद पाहिला होता, ज्याच्यावर कपाटांचे चित्र आहे, दारे किती, खण किती. गंगारामने खालचा दुसरा कागद उलगडला, घराच्या आखणीचा. तो बराच वेळ बघत राहिला आणि त्यानंतर त्याने माझ्याकडे बघितले नाही. उठला, बाहेरून वळसा घालून माझ्या खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, खाट जरा सरकवतास?"

एक टोक त्याने उचलले. दुसरे मी उचलले, लिओन. माझी खाट मी माझ्या हाताने उचलून बाजूला ठेवली.

भिंतीचा एक फूट, पुढे माझ्या खोलीत चार फूट. त्या चारांतले तीन खाटेच्या जागेवरून, आणि ती संपते तिथून पलीकडे एक फूट ती रेषा जाते. मला तेव्हाच कळले होते. तरीही मी ताठ उभी राहिले, कारण बाईंना गणित कळले नाही असे सुताराला वाटायला नको होते. रेषा पुरी करून गंगारामने हत्यारे पेटीत भरली. म्हणाला, "आज माका जरा बाजारात जावचां आसा." त्याला बाजारात काही काम नव्हते. तो गेला तो अजून आलेला नाही.

मग मी दुसरा कागद घेऊन बसले. त्याच्यात माझी खोली नाही. स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामधली भिंतच नाही. मागची पडवी मात्र आहे, जिथे आपण जळाऊ लाकडे आणि फाटकी जाळी टाकतो. तिच्यावर पेन्सिलने तीन शब्द लिहिले आहेत: स्टोअर, गॅस, बाय.

गॅसचा सिलिंडर आणि मी.

दुकानवाल्याने लिहिले असते तर म्हटले असते, परका माणूस आहे. अक्षर तुझे आहे. ते अक्षर तुझा हात धरून मी वळवून घेतले आहे, त्याच खोलीत, त्याच खिडकीखाली. ते तीन शब्द खोडून टाकायचे तरी कष्ट घ्यायचे होतेस.

वेनेसावर ढकलू नकोस. तिला माझ्याशी घेणेदेणे नाही आणि ते तिने कधी लपवलेही नाही. मी तुझ्याशी बोलते आहे.

पडवी मला कमीपणाची वाटते म्हणून मी रागावले, असेही समजू नकोस. तुझ्या लग्नात पुढची मोठी खोली मी सोडली. कोणी सांगितले नव्हते, मीच माझी ट्रंक उचलून मधल्या खोलीत, आपल्या मांयच्या खोलीत नेली. त्या खोलीत मांयचे सात वर्षे केले. तिला कुशीवर वळवायला दोन माणसे लागायची, आणि दुसरे माणूस म्हणजे शेजारची विमला होती, तू नव्हतास. ते मी कधी बोलून दाखवले नाही, आज दाखवते. तू सरळ म्हणाला असतास, "बाय, खोली हवी आहे," तर मी भांडले असते. आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते. आणि मग कदाचित गेलेही असते पडवीत.

पण तू विचारलेस ते रंगाचे. माझ्या अंथरुणाच्या जागी जे कपाट उभे राहणार, त्याचा रंग तू मला निवडायला दिलास, आणि मी तीन आठवडे ते तुकडे उन्हात धरून, पाण्यात घालून, खुशीत निवडत बसले. चार बायकांना सांगत फिरले. याची मला इतकी लाज वाटते की चर्चला जायचे माझ्या जिवावर येते. लाज वाटायला हवी होती तुला, आणि ती मी वागवते आहे. हे मी तुला माफ करू शकत नाही. सध्या तरी नाही.

लोणच्याचे बांगडे विमलाला देऊन टाकले.

तुझे नमुने याच पार्सलात परत पाठवते आहे. एकोणीस तुकडे आहेत, तीन खाऱ्या पाण्यात गेले. एकावरही खूण केलेली नाही. गंगारामला निरोप दिला आहे की लिओन मे महिन्यात येईपर्यंत लाकडाला हात लावू नये. खडूच्या रेषा मी पुसलेल्या नाहीत, केर काढताना त्या भागाला झाडू लावत नाही. खाट मात्र पुन्हा जागेवर ओढून घेतली, एकटीने.

मे महिन्यात ये. चौदा फुटांचेच कपाट हवे असेल तर खाट तुझ्या हाताने सरकव. गंगारामला बोलावू नकोस, वेनेसाला हात लावायला सांगू नकोस. जड लागेल. मी तिच्यावर बसलेली असेन.

मुलांना पापा.

तुझी बाय,
बर्था
राहणार: मधली खोली