अर्थ सोपा आहे, घरी वाचा

तीर्थस्वरूप नाना,

संस्थेचे अध्यक्ष म्हणून तुम्ही माफीनामा मागितलात आणि मोठे भाऊ म्हणून जेवायलाही बोलावलंत. जेवायला येईन.

शृंगाराचा श्लोक आला की "अर्थ सोपा आहे, घरी वाचा" म्हणून पान उलटायचं, हे मी तुमच्याच वर्गात शिकले. तुमचे कान लाल व्हायचे. शिरपूरच्या कॉलेजात मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता पोरं घरी जाऊन मोबाइल उघडतात. तिथे भाष्यकार पुष्कळ, लाज कुणालाच नाही.

गेल्या आठवड्यात एम.ए.ची मृणाली तासानंतर थांबली. "मॅडम, माझा मित्र म्हणतो, 'व्हिडिओत कुणी निरोध वापरतं का? घाबरतेस, तू ते गावंढळ शे.' मी खरंच गावंढळ आहे का?"

दुसऱ्या दिवशी पान उलटून टाळलेला शृंगाराचा श्लोक मी पूर्ण शिकवला. त्यातला नायक आधी विचारतो, मग उत्तराची वाट पाहतो. "तुमच्या मोबाइलवर कुणी विचारतं का?" मग निरोध, रोग आणि नकार, सगळं स्वच्छ मराठीत सांगितलं.

मागून राजदीप म्हणाला, "मॅडम, हे परीक्षेला आहे?"

"लग्नाआधीही आहे, नंतरही."

मृणाली त्या मित्राला नाही सांगून आली. एका पालकाला मात्र माझ्या तासात अश्लीलता दिसली. नोकरी गेली तरी मी माफी मागणार नाही.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तुम्ही ते घरी वाचाल. संस्थेच्या सोमवारच्या सभेत सगळ्यांसमोर उभी राहून अर्थासकट सांगेन. कान सांभाळा.

तुमची विद्यार्थिनी, आणि नाइलाजानं बहीण,
कुमुदिनी